थेंबभर रक्त आणि मापाचा पासंग



वाण्याच्या दुकानातील तराजू दोन्ही पारडी रिकामी असतानाही एका बाजूस किंचित कललेला असला, तर त्या दोषाला आपल्या भाषेत पासंग म्हणतात. जुन्या पिढीतील चोखंदळ गृहिणी माल तोलून घेण्याआधी रिकाम्या तराजूकडे पाहून घेत असे. दोन पारड्यांतील फरक डोळ्यांना दिसत असे, म्हणून वाण्याला विचारताही येत असे. आजचा विषय एका अशा तराजूचा आहे की, ज्याचा पासंग डोळ्यांना दिसत नाही. त्यात तोलले जाते ते लहान मुलाच्या रक्तातील शिसे. बोटाच्या टोकाला सुई टोचून काढलेला एक थेंब, हाती धरता येईल एवढे यंत्र आणि तीन मिनिटांत उमटणारा आकडा. रुग्णाच्या जवळच, प्रयोगशाळेत न जाता होणाऱ्या या चाचणीने जगभर लक्षावधी बालकांची तपासणी झाली आहे. तिच्या अचूकतेचे मानक काय असावे, हा प्रश्न केवळ तंत्रज्ञांचा वाटेल. पण तो तसा नाही.

शिशाची विषबाधा मूक असते. रक्तातील प्रमाण फारच वाढले तर पोटशूळ, झटके, बेशुद्धी अशी लक्षणे दिसतात. परंतु बहुसंख्य बालकांत प्रमाण त्याहून पुष्कळ कमी असते आणि त्या पातळीवर मूल खेळते, जेवते, हसते. हानी होते ती आकलनशक्तीची, एकाग्रतेची, वर्तनाची. हर्बर्ट नीडलमन यांनी १९७९ साली मुलांच्या दुधाच्या दातांतील शिसे मोजून ही गोष्ट ठळकपणे मांडली, तेव्हापासून तिच्यावर एकामागून एक अभ्यासांचे शिक्कामोर्तब होत गेले. ही हानी सहसा भरून येत नाही. प्रौढाच्या पोटात गेलेल्या शिशाचा साधारण दहावा हिस्सा शरीरात शोषला जातो, तर बालकाच्या बाबतीत जवळजवळ निम्मा. आहारात लोह कमी असेल तर शोषण आणखी वाढते. डॉक्टरने नाडी पाहिली, जीभ पाहिली, छाती तपासली तरी त्याला काही कळणार नाही. पुरावा एकच, तो म्हणजे रक्ताच्या चाचणीचा आकडा. हा आकडाच खोटा निघाला तर त्या मुलाच्या बाजूने बोलणारे दुसरे काही उरत नाही.

हा आकडा 'मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटर' या एककात सांगितला जातो. म्हणजे शंभर मिलिलिटर रक्तात ग्रॅमचे किती दशलक्षांश भाग शिसे आहे ते. यापुढे नुसता अंक आला तर तो याच एककातील समजावा. १९६० च्या दशकात अमेरिकेत ६० पर्यंतची पातळी चिंतेची मानली जात नसे. १९७१ मध्ये ही रेषा ४० वर आली, १९७५ मध्ये ३० वर, १९८५ मध्ये २५ वर आणि १९९१ मध्ये १० वर. अमेरिकेच्या रोग नियंत्रण व प्रतिबंध केंद्रांनी, म्हणजे सीडीसीने, २०१२ मध्ये ती ५ केली आणि ऑक्टोबर २०२१ मध्ये ३.५. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या मार्गदर्शिकेनुसार ५ किंवा त्याहून अधिक पातळी आढळल्यास शिशाचा स्रोत शोधून तो बंद करावयाचा असतो. येथे एक गैरसमज टाळला पाहिजे. ३.५ म्हणजे सुरक्षिततेची मर्यादा नव्हे. एक ते पाच वर्षे वयाच्या अमेरिकन मुलांपैकी सर्वाधिक शिसे असलेली अडीच टक्के मुले ज्या रेषेच्या वर येतात, ती ही रेषा. सुरक्षित अशी पातळी शास्त्राला सापडलेली नाही. रेषा मात्र पन्नास वर्षांत ६० वरून ३.५ पर्यंत खाली आली. तराजूही त्या प्रमाणात नाजूक झाला का, हे पाहावे लागेल.

यंत्राची किमया

प्रथम यंत्राला त्याचे श्रेय दिले पाहिजे. रक्तातील शिसे मोजण्याच्या प्रयोगशाळेतील पद्धती, म्हणजे ग्रॅफाइट भट्टीतील अणुशोषण पद्धती आणि त्याहूनही सूक्ष्मग्राही अशी आयसीपी-एमएस, यांना महागडी उपकरणे, स्वच्छ खोल्या आणि प्रशिक्षित माणसे लागतात. शिरेतून रक्त काढावे लागते, नमुना पाठवावा लागतो, अहवालाची वाट पाहावी लागते. तेवढ्या दिवसांत गरीब आई-बाप पत्ता बदलून दुसऱ्या गावी गेलेले असतात. ही अडचण ओळखून अमेरिकेत 'लेडकेअर' नावाचे लहान यंत्र १९९७ मध्ये बाजारात आले. त्याची दुसरी आवृत्ती २००६ मध्ये आली आणि ती साध्या दवाखान्यातही वापरण्यास परवानगी मिळाली.

त्याचे काम असे चालते. बोटातून ५० मायक्रोलिटर, म्हणजे मिलिलिटरचा विसावा भाग, रक्त एका बारीक नळीत घेतात. ते सौम्य आम्ल असलेल्या द्रावणात मिसळले की तांबड्या पेशी फुटतात आणि त्यांना चिकटून बसलेले शिसे मोकळे होते. रक्तातील जवळजवळ सर्व शिसे तांबड्या पेशींतच असते, म्हणून ही पायरी फार महत्त्वाची. या मिश्रणाचा थेंब एका पट्टीवर ठेवतात. विद्युतदाब लावला की शिसे पट्टीवरील अग्रावर गोळा होते. मग दाब उलट दिशेने बदलत नेला की ते पुन्हा सुटते आणि सुटताना जो विद्युतप्रवाह वाहतो त्यावरून प्रमाण काढले जाते. शास्त्रीय परिभाषेत हिला ॲनोडिक स्ट्रिपिंग व्होल्टॅमेट्री म्हणतात.

किती शिसे मोजावयाचे असते याची कल्पना यावी म्हणून एक साधे गणित करून पाहावे. ज्या मुलाचा अंक ३.५ आहे, त्याच्या ५० मायक्रोलिटर रक्तात शिसे असते पावणेदोन नॅनोग्रॅम. ग्रॅमचे शंभर कोटी भाग केले, तर त्यांतील जेमतेम पावणेदोन भाग. एवढे सूक्ष्म वजन, तेही दवाखान्याच्या टेबलावर, रडणाऱ्या मुलाचे बोट धरून!

भारताचा या यंत्राशी संबंध जुना आहे. १९९८-९९ च्या दुसऱ्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात मुंबई व दिल्ली येथील तीन वर्षांखालील एक हजारांहून अधिक बालकांच्या रक्तातील शिसे अशाच, वाहून नेता येणाऱ्या यंत्रांनी मोजण्यात आले. त्यांतील सुमारे तीन चतुर्थांश मुलांचा अंक ५ ते २० यांच्या दरम्यान होता आणि दहा टक्क्यांचा त्याहूनही वर. यंत्र नसते, तर ही माहिती कोणालाही मिळाली नसती.

वर झुकणारे पारडे

शिसे मोजू पाहणाऱ्याचा पहिला शत्रू म्हणजे भोवतालचे शिसे. क्लेअर पॅटरसन या भूरसायनशास्त्रज्ञाने १९५६ मध्ये पृथ्वीचे वय सुमारे ४५५ कोटी वर्षे असल्याचे सिद्ध केले. त्यासाठी उल्केतील शिशाचे मापन करताना त्याच्या ध्यानी आले की, प्रयोगशाळेतील धूळ, भांडी, रसायने, इतकेच काय, माणसाची त्वचाही शिशाने माखलेली आहे आणि म्हणून अनेकांची मापने मुळातच खोटी आहेत. त्याने कमालीच्या स्वच्छ खोल्या बांधून घेतल्या आणि पुढील आयुष्य पेट्रोलमधील शिशाविरुद्ध झगडण्यात घालविले. (पृथ्वीचे वय शोधावयास निघालेला माणूस पेट्रोल कंपन्यांच्या रोषास पात्र ठरला, हा विज्ञानाच्या इतिहासातील मोठाच मौजेचा भाग होय.)

बोटातून थेंब घेताना हीच अडचण येते. आपल्याकडे देवळातील मारुतीला आणि गणपतीला लावला जाणारा पारंपरिक शेंदूर हा रसायनशास्त्राच्या दृष्टीने शिशाचा तांबडा ऑक्साइड असतो. त्याच्या वजनाचा नव्वद टक्क्यांहून अधिक भाग शिशाचाच असतो. दोन नॅनोग्रॅम शेंदराचा कण सूक्ष्मदर्शकाशिवाय दिसणार नाही; पण देवदर्शनाहून आलेल्या बाळाच्या बोटावर तो असला आणि थेंबात उतरला, तर ३.५ चा अंक ७ होईल. म्हणून साबणाने हात धुणे, बोट नीट पुसणे, पहिला थेंब पुसून टाकणे ही कामे चाचणीचाच भाग आहेत. ती उरकून टाकण्याची गोष्ट नव्हे. सूचना कागदावर असतात, घाई मात्र दवाखान्यात असते.

हा प्रश्न सातासमुद्रापार गेलेल्या मराठी घरांतही पोहोचतो. न्यू जर्सी राज्यात प्रत्येक बालकाची पहिल्या आणि दुसऱ्या वर्षी शिशाची तपासणी करणे कायद्याने आवश्यक आहे आणि तेथे मराठी कुटुंबे मोठ्या संख्येने राहतात. तेथील रटगर्स विद्यापीठाच्या संशोधकांनी न्यू जर्सीतील भारतीय दुकानांतून ९५ आणि मुंबई-दिल्लीतून २३ असे कुंकू-सिंदुराचे नमुने तपासून २०१७ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. अमेरिकेत घेतलेल्या नमुन्यांपैकी १९ टक्के, तर भारतात घेतलेल्यांपैकी ४३ टक्के नमुन्यांत शिसे अमेरिकेच्या मर्यादेहून, म्हणजे ग्रॅममागे २० मायक्रोग्रॅमहून, अधिक होते. हळदीपासून घरी बनविलेल्या कुंकवाची गोष्ट वेगळी. रंग मिसळून बाजारात येणाऱ्या पुडीची वेगळी. अशा घरात बालकाचा अंक वर आला, तर तो बोटावरच्या कणाचा की पोटात गेलेल्या शिशाचा, हे ठरविणे आवश्यक होते.

त्यासाठी नियम आहे. बोटाच्या थेंबावरील अंक रेषेच्या वर आला, तर शिरेतून रक्त घेऊन फेरतपासणी करावयाची. आई-बाप काही दिवस काळजीत राहतात, मुलाला आणखी एकदा सुई टोचावी लागते, खर्च होतो. पण चूक सापडते. वर झुकणाऱ्या पारड्यावर पहारा बसविलेला आहे.

खाली झुकणाऱ्या पारड्यावर मात्र पहारा नाही. अंक रेषेखाली आला की डॉक्टर समाधानाने मान डोलावतो, आई सुटकेचा नि:श्वास टाकते, कागद फाइलमध्ये जातो. फेरतपासणी होत नाही, कारण ती का करावी असे कोणाला वाटतच नाही. खोटा वाढीव अंक स्वतःच स्वतःची चौकशी घडवून आणतो. खोटा कमी अंक स्वतःचीच चौकशी बंद करतो. अचूकतेच्या मानकांचा विचार करताना हा भेद नजरेआड करून चालणार नाही. कारण जे अघटित घडले ते याच बाजूने घडले.

न मोजलेली वर्षे

१७ मे २०१७ रोजी अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने इशारा दिला की, मॅगेलन डायग्नोस्टिक्स या कंपनीची लेडकेअर यंत्रे शिरेतून काढलेल्या रक्तासाठी वापरू नयेत. ती खऱ्याहून कमी अंक दाखवीत आहेत. बोटाच्या थेंबावरील चाचणीला तो इशारा लागू नव्हता. ज्या शिरेच्या रक्ताला आजवर अधिक विश्वासार्ह मानले जात होते, तेच येथे फसवे ठरले. संशय गेला तो रक्त साठविण्याच्या नळीच्या रबरी बुचावर. बुचातून सुटणारे एक रसायन शिशाला धरून ठेवते, ते मोकळे होऊ देत नाही आणि यंत्राला ते दिसत नाही, अशी ती उपपत्ती. म्हणजे दोष यंत्रापेक्षाही यंत्र, नळी आणि रसायन यांच्या संयोगात होता. ज्या ठिकाणी बोटाच्या वाढीव अंकाची फेरतपासणी शिरेच्या रक्तावर याच यंत्राने झाली असेल, तेथे पहारेकरीच चोराला सामील झाल्यासारखे झाले.

सीडीसीने त्याच दिवशी सांगितले की, सहा वर्षांखालील ज्या मुलांचा शिरेच्या रक्तावरील लेडकेअर चाचणीचा अंक १० हून कमी होता, त्यांची पुन्हा तपासणी व्हावी. गर्भवती आणि स्तनदा मातांचीही व्हावी. पण रक्तातील शिसे महिन्याभरात निम्मे होते. पुष्कळसे हाडांत जाऊन वर्षानुवर्षे राहते. दोन वर्षांपूर्वी अंक किती होता, हे आजच्या थेंबावरून सांगता येत नाही. फेरतपासणीने आजचे कळते. गेलेली वर्षे न मोजलेलीच राहतात.

पुढे जे न्यायालयात उघड झाले, ते अधिक क्लेशदायक आहे. अमेरिकेच्या न्याय खात्याच्या म्हणण्यानुसार या दोषाची कुणकुण कंपनीला २०१३ मध्येच, एका नव्या यंत्रास मंजुरी मिळण्याच्याही आधी, लागली होती. ग्राहकांना त्याविषयी पहिले पत्र गेले ते नोव्हेंबर २०१४ मध्ये. २०१३ ते २०१७ या काळात अमेरिकेतील शिशाच्या रक्तचाचण्यांपैकी निम्म्याहून अधिक एकट्या लेडकेअर-२ वर झाल्या होत्या. मे २०२४ मध्ये कंपनीने गुन्हा कबूल करण्याचे आणि ४ कोटी २० लाख डॉलर भरण्याचे मान्य केले. त्याच्या तीन वर्षे आधी, २०२१ मध्ये, याच कंपनीने पट्ट्या-रसायनांचे अनेक संच बाजारातून परत मागविले होते. त्यांतही अंक खोटा कमी येत होता आणि प्रशासनाने ती घटना सर्वांत गंभीर वर्गात टाकली. म्हणजे एकाच दशकात दोनदा पारडे त्याच बाजूला झुकले.

एखाद्या कंपनीला दोष देऊन हा विषय मिटत नाही. प्रश्न असा पडतो की, एवढ्या मोठ्या देशात, एवढ्या संस्थांच्या देखरेखीखाली, हा पासंग इतकी वर्षे कोणाच्या नजरेस कसा आला नाही? त्याचे एक उत्तर मानकांतच आहे.

मानक म्हणजे चुकीची परवानगी

अचूकतेचे मानक म्हणजे किती चूक खपवून घ्यावयाची, याचा ठराव. अमेरिकेत १९८८ च्या कायद्याखाली १९९२ मध्ये नियम झाले. प्रयोगशाळांना वर्षातून तीन वेळा, दर वेळी पाच नमुने पाठवायचे आणि पाचांपैकी किमान चार उत्तरे ठरलेल्या मर्यादेत आली पाहिजेत. रक्तातील शिशासाठी ही मर्यादा होती खऱ्या मूल्याच्या अलीकडे-पलीकडे ४, किंवा दहा टक्के, यांपैकी जे अधिक असेल ते. कामगारांच्या तपासणीसाठी १९७८ च्या नियमांत तर ६ किंवा पंधरा टक्के इतकी ढील होती.

१९९२ मध्ये चिंतेची रेषा १० होती. त्यात ४ ची चूक मोठीच. पण रेषा आणि चूक यांत निदान काही अंतर होते. पुढे रेषा ५ वर आली, ३.५ वर आली. चुकीची परवानगी मात्र जागची हलली नाही. ज्या रक्तात खरोखर ३.५ शिसे आहे, त्याला यंत्राने शून्य म्हटले तरी ते उत्तीर्ण आणि साडेसात म्हटले तरी उत्तीर्ण! चूक रेषेहून मोठी झाली. सोने तोलण्यासाठी भुसाराच्या दुकानातील काटा वापरावा, तशातला हा प्रकार. १ जानेवारी २०२५ पासून ही मर्यादा २ किंवा दहा टक्के अशी केली गेली. सुधारणा मोठी आहे, तरीही ३.५ चे रक्त दीड ते साडेपाच यांमध्ये कोठेही दाखविण्याची मुभा उरतेच. वरच्या टोकाला दहा टक्क्यांचा नियम लागतो. ४५ या पातळीला मुलाच्या शरीरातून शिसे बाहेर काढणाऱ्या औषधांचा निर्णय घेतात. तेथे साडेचारची चूक चालते, म्हणजे औषध द्यावयाचे की नाही, ही दोन्ही उत्तरे मानकाला मान्य असतात. म्हणूनच तो निर्णय शिरेच्या रक्तावर, प्रयोगशाळेच्या पद्धतीने, पुन्हा मोजून घ्यावा लागतो.

त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, ही परीक्षा सर्वांना नाही. सोपी आणि कमी धोक्याची म्हणून ज्या चाचण्यांना सवलत मिळाली, त्या करणाऱ्या दवाखान्यांवर केंद्रीय कायद्याने या परीक्षेचे बंधन नाही. उत्पादकाच्या सूचना पाळल्या की झाले. लेडकेअर-२ अशाच सवलतीतील यंत्र. ज्या यंत्रावर देशातील निम्म्याहून अधिक चाचण्या होत होत्या, ते ज्या दवाखान्यांत होते त्यांपैकी पुष्कळांना परीक्षेला बसण्याची सक्तीच नव्हती.

आणि परीक्षा असती तरी? परीक्षेसाठी पाठविलेले रक्त तयार केलेले असते. ते मुलाच्या बोटातून आलेले नसते, रबरी बुचाच्या नळीत तासन् तास राहिलेले नसते. यंत्र त्या रक्तावर उत्तीर्ण होईल आणि प्रत्यक्ष कामात नापास होईल, अशी शक्यता राहतेच. म्हणून नियमित परीक्षेच्या जोडीला दुसरी गोष्ट लागते: काही मुलांचे रक्त दोन भागांत घेऊन एक भाग यंत्रावर आणि दुसरा नामांकित प्रयोगशाळेत मोजणे आणि यांत कमी अंक आलेली मुले मुद्दाम घेणे. खालच्या पारड्यावर पहारा बसविण्याचा दुसरा मार्ग नाही.

आणखी एक बारकावा. लेडकेअर-२ हे यंत्र ३.३ ते ६५ या कक्षेतच अंक सांगते. त्याखाली ते केवळ 'लो' असे दाखविते. ३.५ ची रेषा त्या तळापासून अवघ्या दोन दशांशांवर आहे. तराजूचे सर्वांत लहान वजन जेथे संपते, तेथेच निर्णय घ्यावयाचा आहे. अशा वेळी कागदावर 'शिसे नाही' किंवा 'नॉर्मल' असे लिहिणे ही चूक नसून असत्य आहे. '३.३ हून कमी' एवढेच लिहिता येते.

आपल्या अंगणात

भारतात हा विषय आता टाळता येण्याजोगा राहिलेला नाही. २००० मध्ये देशभर शिसेविरहित पेट्रोल आले आणि त्याचा लाभ मोजता आला. मुंबईतील मुलांच्या १९९७ च्या पाहणीत सुमारे ६२ टक्के मुलांचा अंक १० किंवा अधिक होता. पेट्रोल बदलल्यानंतर झालेल्या आणि २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ७५४ मुलांच्या पाहणीत हे प्रमाण ३३ टक्क्यांवर आले. घरगुती रंगांतील शिशाला १ नोव्हेंबर २०१७ पासून दहा लाखांत ९० भाग ही मर्यादा लागू झाली. तरीही युनिसेफ आणि प्युअर अर्थ यांच्या २०२० च्या अहवालाने भारतात ५ हून अधिक अंक असलेल्या मुलांची संख्या सुमारे साडेसत्तावीस कोटी असल्याचा अंदाज मांडला. बिहारमधील आठ जिल्ह्यांत पाच वर्षांखालील सुमारे सातशे मुलांची पाहणी २०२३ मध्ये प्रसिद्ध झाली. दहांपैकी नऊ मुले ५ च्या वर होती. ती मोजणीही लेडकेअर-२ वरचीच.

अशा पाहण्यांविषयी कोणी म्हणेल की, एका मुलाचा अंक थोडा चुकला तरी शेकडो मुलांच्या सरासरीत चुका एकमेकींना खाऊन टाकतात. हे अर्धसत्य आहे. हात थरथरल्याने होणारी चूक कधी वर, कधी खाली जाते. ती सरासरीत विरते. पासंगाची चूक प्रत्येक वेळी एकाच बाजूला जाते. हजार वेळा तोलले तरी ती हजार पट ठामपणे तीच राहते. उलट आकडे जितके अधिक, तितका खोट्या सरासरीवरचा विश्वास अधिक. एखाद्या राज्याचे धोरण अशा सरासरीवर ठरले, तर चूक एका मुलापुरती राहत नाही.

पाहणी आणि उपचार यांसाठी मानकेही वेगळी असावी लागतात. कोणत्या जिल्ह्यात आधी जावे, एवढे ठरवायचे असेल तर हे यंत्र पुरेसे आहे, उत्तम आहे. जेथे आयसीपी-एमएस दोनशे किलोमीटर दूर आहे, तेथे परिपूर्ण चाचणीची वाट पाहणे म्हणजे चाचणीच न करणे. जेथे अंक ३० येतो, तेथे तो २६ आहे की ३४ यावर वाद घालत बसण्यात अर्थ नाही. घरातील हळदीचा डबा, भांडी आणि जवळची बॅटरीची भट्टी पाहावी. पण 'तुमचे मूल ठीक आहे' असे एका आईला सांगावयाचे असेल, तर त्या वाक्याचे ओझे या यंत्राला एकट्याने पेलणारे नाही.

आपल्या हवामानाचाही विचार हवा. यंत्राला आणि पट्ट्यांना उष्णता व आर्द्रता यांच्या मर्यादा उत्पादकाने घालून दिलेल्या आहेत. जुलैतील चिपळूण आणि मे महिन्यातील चंद्रपूर या दोन्ही ठिकाणी पंख्याखालच्या टेबलावर त्या मर्यादा पाळल्या जातील, असे गृहीत धरता येत नाही. खोलीतील तापमापक आणि आर्द्रतामापक यांची नोंद चाचणीच्या नोंदवहीत असली पाहिजे. प्रत्येक संचाबरोबर दोन पातळ्यांचे नियंत्रण-द्रव येतात. नवा संच उघडताना ते तपासून त्यांचे अंक लिहून ठेवायचे असतात. ही नोंद आणि संचाचा क्रमांक मुलाच्या नावापुढे नसेल, तर उद्या एखादा संच सदोष ठरल्यावर कोणत्या मुलाला परत बोलवायचे, हे सांगता येणार नाही. २०२१ मध्ये अमेरिकेत ज्यांना परत बोलाविता आले, त्यांना अशाच नोंदींच्या आधारे बोलाविता आले असणार.

हे करण्यासाठी नवा कायदा येईपर्यंत थांबण्याची गरज नाही. वैद्यकीय प्रयोगशाळांसाठीच्या आयएसओ १५१८९ या आंतरराष्ट्रीय मानकाच्या २०२२ च्या आवृत्तीत रुग्णाजवळ होणाऱ्या चाचण्यांच्या अटी समाविष्ट झाल्या आहेत; पूर्वी त्यांच्यासाठी वेगळे मानक होते. जी प्रयोगशाळा या मानकाखाली मान्यता घेते, तिला आपल्या नावाने शाळेत किंवा अंगणवाडीत झालेल्या चाचणीची जबाबदारी झटकता येत नाही. ज्या संस्था, ज्या विश्वस्त मंडळी, ज्या शाळा मुलांची तपासणी शिबिरे भरवितात, त्यांनी यंत्र आणणाऱ्याला चार गोष्टी विचाराव्यात. हे यंत्र कोणत्या बाह्य परीक्षेत सहभागी आहे? मागील तीन वेळचे निकाल काय? कमी अंक आलेल्या मुलांपैकी कितींचे रक्त दुसऱ्या पद्धतीने मोजले? आणि मुलाच्या हाती जो कागद पडणार आहे, त्यावर संचाचा क्रमांक छापलेला असेल का? चौथ्या प्रश्नाचे उत्तर बहुधा सर्वांत आधी मिळते. तिसऱ्याचे मिळत नाही. शिबिराची तारीख ठरविण्याआधी तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर लेखी घ्यावे.